फळवाटप झालं, पुढे?

परवा मेसमध्ये एकाच्या हातून आमटीची वाटी सांडली. समोरचा ओरडला, "ए मतिमंद!" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. सवयीने हसलो, म्हणूनच हा लेख लिहायला बसलोय.

माझा सख्खा मोठा भाऊ बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे, आणि ही गोष्ट माझ्या रूम पार्टनरला अडीच वर्षं माहीत नव्हती. "घरी कोण कोण असतं?" "आई, बाबा, दादा." "दादा काय करतो?" "बाबांना दुकानात मदत करतो." यात खोटं काही नाही. आमचं तालुक्याच्या गावी स्टेशनरीचं दुकान आहे. दादा सकाळी शटर वर करतो, वह्यांचे गठ्ठे लावतो, झेरॉक्सचे कागद जुळवतो. फक्त त्याला सुट्टे पैसे कळत नाहीत, रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही आणि तो सव्वीस वर्षांचा आहे, एवढंच मी सांगायचं टाळायचो.

हे वाचून बऱ्याच जणांना 'तारे जमीं पर' आठवेल. 2007 सालच्या त्या पिक्चरमुळे एक गोष्ट चांगली झाली, डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी गेला. पण ती अध्ययन अक्षमता. त्या मुलाची बुद्धी शाबूत असते, अक्षरं त्रास देतात. दादाचं तसं नाही. त्याला शिकायला, समजायला, रोजचे व्यवहार करायला आयुष्यभर कुणाची तरी साथ लागणार. 1995 च्या कायद्यात याला मतिमंदत्व म्हणत, 2016 च्या कायद्यात बौद्धिक अक्षमता म्हणतात. 2011 च्या जनगणनेत अशी सुमारे 15 लाख माणसं मोजली गेली. आपल्या मेसमध्ये त्यांची फक्त शिवी झाली!

लहानपणी दादाची एक विशेष शाळा होती. रिक्षा यायची, डबा असायचा, बाई होत्या, मित्र होते. अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर कर्मशाळा असते म्हणे, पण आमच्या गावात नव्हती. आपल्याकडे अठरावं लागलं की लायसन्स, बाइक, हॉस्टेल. दादाचं जग त्याच वयात एका दुकानात येऊन थांबलं. पहिले दोन महिने तो रोज दप्तर घेऊन दारात उभा राहायचा.

तेव्हाच आणखी एक गोष्ट कळली. मूल अठराचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बाबा दादाच्या नावाने खातं काढायला गेले तर त्याची सही चालेना आणि बाबांची लागू होईना. अशांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो. आम्हाला हे कुणी सांगितलं? दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या एका अनोळखी बाईंनी! त्यांच्याही मुलाचे कागद होते. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या नात्यात, शेजारी असं मूल असेल तर एवढी माहिती जरूर पोचवा.

आता आपल्या कॉलेजबद्दल. फर्स्ट इयरला असताना आम्ही चाळीस जण 26 जानेवारीला गावातल्या एका केंद्राला भेट द्यायला गेलो होतो. केळी वाटली, दोन गाणी झाली, बॅनर धरून फोटो काढला (तो याच अंकात छापून आला होता, मी डावीकडून तिसरा). निघताना एका मुलाने माझा शर्ट धरला आणि विचारलं, "उद्या येणार?" मी म्हटलं, "हो, येणार ना!" आणि पुढचं दीड वर्ष तिकडे फिरकलो नाही. घरी दादाला कुणी असं सांगून गेलं असतं तर? तो तर चार दिवस दारात बसून राहिला असता. मला हे माहीत असून मी तसं बोललो. इतरांना निदान माहीत तरी नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे की वर्षातून एकदा जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. केळी त्यांना घरीही मिळतात. मिळत नाही तो वेळ. माझे आईबाबा गेल्या आठ वर्षांत एकाही लग्नाला जोडीने गेलेले नाहीत. एक जण जातो, एक जण दादाजवळ. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या सेमिस्टरच्या सुट्टीपर्यंत थांबलं होतं. घरच्यांना थोडा वेळ मोकळं करणारी माणसं हवीत. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत नेमका हाच विचार आहे, घरच्यांना विसावा. मोठ्यांच्या निवासासाठी 'घरोंदा' आहे. योजना चांगल्या आहेत, पण आमच्या गावापासून त्या एसटीच्या दोन बस बदलण्याइतक्या लांब.

खरं तर आपल्याकडे या क्षेत्रातलं बरंच काही घरच्यांनी आणि शिक्षकांनीच उभं केलंय. पुण्याची 'कामायनी' 1964 पासून आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये 'प्रबोधिनी' सुरू केली, त्यांचा स्वतःचा मुलगा असाच होता. बदलापूरची 'आधार' तर पालकांनीच एकत्र येऊन काढली, प्रौढ मुलांना कायमचं राहता यावं म्हणून. "आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे. आमच्या घरात तो कुणी मोठ्याने विचारत नाही. मागच्या महिन्यात माझं कॅम्पसमधून बेंगळुरूच्या कंपनीत सिलेक्शन झालं. फोनवर आई म्हणाली, "छान झालं रे." मग बराच वेळ थांबून बाबा म्हणाले, "पुण्यात त्यांचं ऑफिस नाही का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

थर्ड इयरला एकदा रात्री टेरेसवर रूम पार्टनरला सगळं सांगितलं. तो आधी मला शिव्या घातला की आधी का नाही सांगितलंस, आणि मग म्हणाला, "चल, त्या केंद्रावर जाऊ." तेव्हापासून आम्ही चौघे दर रविवारी दहा ते बारा जातो. काय करतो? कॅरम खेळतो, मैदानात चक्कर मारतो, पाकिटं चिकटवायला बसतो. थेरपी, प्रशिक्षण हे शिकलेल्या लोकांचं काम, त्यात आम्ही हात घालत नाही. तिथल्या ताई दोन्ही तास असतात. तेवढ्या वेळात पालक बाजार, दवाखाना, बँकेची कामं उरकतात. एक काकू मात्र कुठेच जात नाहीत. व्हरांड्यात चटई टाकतात आणि झोपतात. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं होतं, मग आई आठवली.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गंमत. ज्यांना दहापर्यंत मोजता येत नाही ते पणत्यांची दहा-दहाची पॅकेटं कशी भरतात? ताईंनी अंड्याचा ट्रे कापून दहाच खळगे ठेवलेत. खळगे भरले की पिशवीत ओतायचं. चूक होऊच शकत नाही. आपण पोका-योकेवर आठ मार्कांचं उत्तर घोकतो, ताईंनी ते भंगारातून केलं! आमच्या एकाने वर्कशॉपमध्ये लाकडाचा तसा ट्रे बनवला, पण खळगे इतके खोल केले की पणत्या निघेनात. अंड्याचाच ट्रे चालू आहे.

आता अडचण सांगतो. मागच्या पीएलमध्ये आम्ही तीन रविवार बुडवले. ताई काही बोलल्या नाहीत, पण ज्याने माझा शर्ट धरला होता तो त्या दिवशी कॅरमला आलाच नाही. आणि जूनमध्ये आम्ही चौघेही पास आउट होतोय (केटी नाही लागली तर!). म्हणून सेकंड इयरचे निदान सहा जण हवेत. सहा असले की परीक्षेतही दोन-दोनच्या पाळ्या लागतात. एकदाच 'बघायला' येणारे नकोत, त्यांनी सरळ नाही म्हणावं, राग नाही. रेक्टर सरांना एक विनंती, रविवारी फीस्टला मेस एकला बंद होते, आमची ताटं झाकून ठेवायची परवानगी द्यावी.

येत्या रविवारी पावणेदहाला मेन गेटवर. सायकल असेल तर आणा, नाहीतर चालत वीस मिनिटं.