काही लागलं तर सांगा

आजाऱ्याला भेटून निघताना, दारात चपला घालता घालता, आपण सगळेच एक वाक्य म्हणतो : काही लागलं तर सांगा. मीही म्हणाले होते. शेजारच्या मावशींनी मान हलवली, मी घरी आले आणि इयादतीचं कर्तव्य पार पडलं असं समजून स्वयंपाकाला लागले. पुढे तीन आठवडे त्यांनी काहीच सांगितलं नाही. असं कोणी सांगत नसतं, हे मला उशिरा कळलं.

आम्ही वसईत राहतो. शेजारचं घर ख्रिस्ती. ते रविवारी मिस्सेला जातात, आमच्या घरचे शुक्रवारी जुम्याला. नाताळला त्यांच्याकडून केक येतो, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. इतक्या वर्षांचा शेजार, पण एकमेकांच्या घरातलं दुखणं खऱ्या अर्थाने पाहिलं ते काकांच्या आजारपणात. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मावशींना विचारूनच हे लिहिते आहे. “लिही, कोणाच्या तरी उपयोगी पडेल,” असं त्या म्हणाल्या.

काकांचं वय ७२. प्रोस्टेटचा कॅन्सर दोन वर्षं औषधांनी आवरलेला होता, मग तो हाडांत पसरला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं, की रोग हटवणारं औषध आता उरलेलं नाही, पण त्रास कमी करणारे उपाय पुष्कळ आहेत आणि ते घरीही करता येतात. थोरल्याचं म्हणणं, पप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही. धाकट्याचं म्हणणं, आणखी एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन बघू. दोघे दोन दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते. शेवटी मावशी म्हणाल्या, “या घरात साधं केळीचं रोप लावायचं तरी आपण त्यांना विचारतो. आणि ही एवढी मोठी गोष्ट त्यांना न विचारता ठरवणार?”

मग काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी चहा मागितला. चहा संपल्यावर म्हणाले, “माझा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी लावा. मला वाडी दिसली पाहिजे. आणि मला पुन्हा मशिनी लावायला नेऊ नका.”

हे मावशींनी मला सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले, पण ते काकांसाठी नव्हते. मला आमचे अब्बा आठवले. चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या आजारात आम्ही नेमकं उलट केलं होतं. रिपोर्ट लपवले. “साधी सूज आहे, बरे व्हाल,” असं शेवटपर्यंत सांगत राहिलो. ते विचारत, आम्ही विषय बदलत असू. मग एका रात्री दम लागला म्हणून आयसीयूत नेलं. घशात नळी, हात बांधलेले, आणि आम्ही सगळे काचेच्या बाहेर. नऊ दिवसांनी ते गेले तेव्हा कलमा म्हणायला जवळ कोणी नव्हतं. दफनानंतर काही दिवसांनी एक गृहस्थ आले. अब्बांनी त्यांच्याकडून उसने पैसे घेतले होते म्हणाले. आम्ही ते फेडले. पण आणखी कोणाचे राहिले असतील का, कोणाची अमानत त्यांच्याकडे असेल का, हे आता कोण सांगणार?

आपल्या दीनमध्ये वसीयत लिहून ठेवण्यावर किती भर आहे, कर्ज फेडल्याशिवाय वारसांना वाटणी नाही, माणसांची माफी माणसांकडूनच मागायची आहे. हे सगळं करायला माणसाला आपली वेळ जवळ आली आहे हे कळावं लागतं. आम्ही अब्बांवरच्या प्रेमापोटी त्यांची ती संधी हिरावून घेतली. काकांनी मात्र त्या पाच महिन्यांत बँकेचे कागद नीट लावले. विहिरीच्या वाटेवरून भाऊ बारा वर्षं बोलत नव्हता, त्याला बोलावून घेतलं. भाऊ आला, पायाशी बसला. कोण चुकलं होतं याची चर्चा दोघांनीही केली नाही.

पण आजाऱ्याला विश्वासात घेतलं म्हणजे काम संपलं असं नाही. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते अंग मोडणारं असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी रिकामी करायची, किती झाली ते लिहायचं. तोंड ओल्या कापडाने पुसायचं. चादर माणसाला न उठवता बदलायची. या सगळ्यासाठी पलंगाला दोरीने एक वही बांधलेली होती. औषध किती वाजता दिलं, झोप किती लागली, दुखणं दहापैकी किती, असं सगळं त्यात. हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी सुनेला आणि मुलांना हे दोन दिवसांत शिकवलं होतं.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. थोरला आधी घाबरला. नशेचं औषध, पप्पांना सवय लागली तर? खरं सांगायचं तर माझ्याही मनात हलाल-हरामचा प्रश्न आला. नर्सबाईंनी समजावलं, की ही गोळी कण्हणं सुरू झाल्यावर द्यायची नसते. ती घड्याळ बघून, दर चार तासांनी द्यायची असते, म्हणजे दुखणं डोकं वर काढत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा रुग्णाला व्यसनाची धास्ती घेण्याचं कारण नसतं. सुरुवातीला काही दिवस गुंगी येते. बद्धकोष्ठता मात्र होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यावं लागतं. आमच्या मौलानांना मी विचारलं. ते म्हणाले, “जाणत्या डॉक्टराने गरज म्हणून दिलेलं औषध आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” वाचकांनी आपापल्या आलिमांना जरूर विचारावं, पण विचारायच्या आधीच घरातल्या माणसाला कण्हत ठेवू नये.

या औषधाची एक विचित्र कथा आहे. ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं, ती आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने हॉस्पिटलं ते ठेवायला कचरू लागली आणि वर्षानुवर्षं आपले रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायदा बदलला, परवान्याची कटकट कमी झाली. तरीही ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. धाकटा दर पंधरवड्याला कागद घेऊन लोकलने मुंबईला जाऊन आणायचा.

एकदा रात्री दुखणं फार वाढलं तेव्हा काका ओरडले, “देवा, आता पुरे!” आणि नंतर ओशाळले. मावशींनी त्यांना बायबलमधला ईयोब वाचून दाखवला. आपण त्यांनाच हजरत अय्यूब (अ.) म्हणतो. सब्र म्हटलं की आपल्याला तेच आठवतात. पण त्यांनीही आपली पीडा अल्लाहपुढे मांडलीच होती, गिळून टाकली नव्हती. सब्र म्हणजे दुखणं लपवणं नव्हे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना, आणि विशेषतः आयांना, कोणीतरी सांगायला हवं.

आता माझ्या चुकीकडे येते. डिसेंबरच्या एका दुपारी मी वाटीभर खीर घेऊन गेले. सून पायरीवर बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकून झोपली होती. हातात तशीच औषधाची बाटली. मी हलवलं तर दचकून म्हणाली, “किती वाजले?” मी नेहमीसारखं विचारलं, काही हवंय का? ती म्हणाली, “ताई, खीर नको. दोन तास झोप हवी आहे.”

त्या घरी रोज माणसं येत होती. फळं येत होती, सल्ले येत होते. कोणी अमुक ठिकाणचा वैद्य सांगे, कोणी तमुक पाला. प्रत्येकासाठी चहा टाकावा लागे, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. त्यातही मी होतेच. भेटायला येणारे आजाऱ्याच्या घरून वेळ घेऊन जात होते, वेळ देत कोणीच नव्हतं.

त्या दिवशी मी वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव लिहिलं : मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार. काकांची कूस बदलताना मदतीला माझा मुलगा येई. पान उघडं राहिलं, तसं इतरांनीही लिहिलं. पलीकडच्या गल्लीतल्या गुरुजींनी संध्याकाळचा पेपर वाचून दाखवायला घेतला. माझ्या यजमानांनी रविवारची सकाळ घेतली. कारण विचाराल तर, नोव्हेंबरपासून त्या घरातली माणसं एकत्र मिस्सेला गेलेलीच नव्हती. कोणीतरी एक मागे राहायचंच. आता सात वाजता हे जाऊन बसत आणि सगळं घर चर्चला जाई.

२०२५ मध्ये रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ मार्चमध्ये एकत्र आले. यजमानांचा रोजा असे. स्वतःचा घसा कोरडा, आणि चमच्याने काकांच्या तोंडात पाणी घालत. काका एकदा म्हणाले, “तुम्हाला त्रास होत असेल.” हे म्हणाले, “उलट, पाण्याची किंमत कळते.”

आजाऱ्याच्या भेटीबद्दल कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील, आणि तो आजाऱ्यापाशीच सापडला असता असं सांगेल, अशा अर्थाची हदीस आपण ऐकलेली आहे. काकांना तेल लावून प्रार्थना करायला जे फादर येत, ते म्हणाले की त्यांच्या शुभवर्तमानातही शेवटच्या न्यायाच्या वेळी आजाऱ्याबद्दल असाच जाब विचारला जाईल असं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका आजारी यहुदी मुलाकडे स्वतः गेले होते आणि त्याच्या उशापाशी बसले होते. शेजाऱ्याच्या हक्काला धर्माची अट नाही, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. शिकायचं आहे ते काम करायला.

केरळमध्ये हे काम लोकांनीच उभं केलं. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. पुढे मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांना प्रशिक्षण मिळालं, आणि ते नर्सबरोबर घरोघरी जाऊ लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. आपल्याकडेही सोय अगदी नाही असं नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची मोफत सेवा करतं. तिथे सिस्टर्स शुश्रूषा करतात आणि धर्म विचारत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही मोफत. ज्या हॉस्पिटलात उपचार चालू असतील तिथे ‘पॅलिएटिव्ह केअर’ विभाग आहे का, एवढं विचारायचं. हा शब्द पाठ करून ठेवा. तो आम्हाला अब्बांच्या वेळी माहीत असता तर किती बरं झालं असतं!

एक सावधगिरीही सांगते. प्रत्येक आजारी माणसाला घरीच ठेवावं असं माझं म्हणणं नाही. जो आजार बरा होण्यासारखा आहे त्यासाठी आयसीयू ही अल्लाहची नेमत आहे. काही घरांत जागा नसते, माणसं नसतात, कमावत्याला सुट्टी मिळत नाही. शेजारच्या सुनेची कंबर अजून दुखते. पण जेव्हा डॉक्टरच सांगतात की आता बरं करणं हाती नाही, तेव्हा निदान आजाऱ्याला विचारावं, की तुम्हाला कुठे राहायचं आहे? घरी ठेवणार असाल तर ओळखीच्या डॉक्टरांना आधीच कल्पना द्या आणि कागद एका पिशवीत ठेवा, म्हणजे मृत्यूचा दाखला मिळताना धावपळ होत नाही. आणि आपल्या माणसाची नमाज चुकू देऊ नका. पाण्याने वजू जमत नसेल तर तयम्मुम आहे, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज आहे. बाजूला बसून त्याला वेळ झाल्याची आठवण करून देणं हीसुद्धा सेवाच आहे.

ईद होऊन गेली. गुड फ्रायडेच्या आधीच्या बुधवारी पहाटे काका गेले. खिडकी उघडी होती. मावशींचा हात त्यांच्या हातात होता, मुलं प्रार्थना म्हणत होती. आमच्या घरी फजरची अजान ऐकू आली तेवढ्यात धाकटा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. आम्हाला कळलं.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गेले. पलंग हलवलेला होता, वही टेबलावर होती. मावशींनी शेवटचं पान काढून मला दाखवलं. एकूण अकरा जणांची नावं होती. त्या म्हणाल्या, “या पानामुळे निभावलं.”

आपल्या मोहल्ल्यात आज कोणाच्या तरी घरी असा पलंग असेलच. या महिन्यात त्या घरी जाल तेव्हा ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. वार सांगा, वेळ सांगा आणि त्या वेळेला जा. अल्लाह आपल्या आजाऱ्यांना आराम देवो, आणि आपल्याला त्यांच्या उशापाशी बसायची तौफीक देवो. आमीन.