आधी काय झालं ते सांग

मैत्रिणींनो, हा लेख गाण्यांच्या एका अल्बमविषयी आहे आणि तो आपल्या चळवळीच्या गाण्यांचा नाही. ज्याला 'मेटल' म्हणतात, त्या इलेक्ट्रिक गिटारी आणि ड्रमच्या दणदणाटी संगीताच्या जातीचा आहे. तू कधी यावर लिहिशील असं मला कोणी दोन वर्षांपूर्वी म्हटलं असतं, तर मी हसले असते.

या संगीताचा मला रागच होता. मोठा आवाज म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे वरातीतला डीजे येतो. त्याच्यापुढे पिऊन नाचणारे पुरुष येतात आणि घराच्या ओट्यावरून अंग चोरून बघणाऱ्या बायका येतात. आपली गाणी वेगळी. डफावर चार ओळी झाल्या की पाचवी सगळ्याजणींनी उचलायची. आमच्या खान्देशात तर भुलाबाईची गाणी आहेत, कानबाईची आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. सासर-माहेरचं सगळं दुःख बायकांनी त्यात सांगून ठेवलंय. मग शहरातल्या मुलांचा हा गोंगाट आपण कशाला ऐकायचा, असं माझं मत. न ऐकताच बनवलेलं!

मागच्या पावसाळ्यात धुळ्याहून जळगावला येत होते. बहीण देवपुरात राहते. तिची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती सोबत होती. पारोळ्याच्या पुढे एसटी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. भाचीच्या कानात वायर, मान हलतेय. मी म्हटलं, "काय ऐकतेस एवढं? डोकं नाही का दुखत?" ती म्हणाली, "मावशी, एकदा ऐक तरी. हिंदीच आहे. पण यातल्या गाण्यांचा क्रम मुद्दाम मोडलाय. सगळी मिळून एक गोष्ट आहे. ती कशी लावायची ते ऐकणाऱ्यानं शोधायचं."

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी वायर कानात घातली.

अल्बमचं नाव 'फिरदौस', म्हणजे स्वर्ग. मुंबईच्या 'कोशिश' या बँडनं तो 2013 साली काढला. हे संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल यांच्या सीमेवरचं. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे इथे पुरोगामी नव्हे! या जातीच्या संगीतात गाणी लांब असतात. ठेका चार मात्रांचा सरळ न राहता मध्येच पाचाचा, साताचा होतो आणि पुष्कळदा सबंध अल्बम मिळून एकच कथा सांगितलेली असते. सात मात्रांचा रूपक आपल्या भावगीतांतूनही आपण ऐकलेला आहे, त्यामुळे कान फार बावरला नाही. मला वाटलं होतं तशी सतत आरडाओरड नव्हती. बराच वेळ हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज, आणि मग एकदम गिटारी कोसळतात. 'रास्ते', 'माया', 'भुला दो उन्हें' अशी गाण्यांची साधी नावं. पण एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मी सारखी अडखळत होते. हा माणूस आत्ता कुठे उभा आहे? हे आधीचं की नंतरचं? भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मी नाही सांगणार. पुन्हा ऐक."

आणि मला 'ती' आठवली.

आमच्या सल्ला केंद्रात काही वर्षांपूर्वी एक बाई आली होती. केळीच्या पट्ट्यातल्या एका गावातली. पंचविशीची, कडेवर मुलगी. मी अर्ज पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "हां, बोल." तिनं सुरुवात केली, "दाराले आतून कडी नव्हती, ताई." मग विकलेल्या पोतीचं सांगितलं. मग मुलगी झाली तेव्हा सासूनं तोंड फिरवलं ते. मग लग्नातल्या मानपानाचं. मग पुन्हा कडी. बाहेर चार बायका थांबलेल्या होत्या. मी म्हटलं, "असं नको. आधी काय झालं ते सांग. लग्न कधी झालं? मारहाण कधी सुरू झाली?" तिनं निमूटपणे तारखा दिल्या. मी छान, सुसंगत अर्ज लिहिला. लग्न, हुंडा, मारहाण, पोत. कडी त्यात कुठे बसत नव्हती. मी ती गाळली.

नवऱ्याला बोलावलं, समेट झाला, ती नांदायला परत गेली. दोन वर्षांनी ती कायमची माहेरी आली, तेव्हा आम्हांला कळलं की मारहाण हे तिचं मुख्य दुःख नव्हतंच. ज्या खोलीला कडी नव्हती, तिथे रात्री दीर येत असे. तिनं पहिल्याच वाक्यात मला ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण ते 'आधी' घडलेलं नव्हतं.

पारोळ्याजवळच्या त्या बंद गाडीत मला वाटलं, या मुलांनी मोडलेला क्रम लावायला मी तासभर कान देऊन बसलेय. तिच्यासाठी मी दहा मिनिटं बसले नाही.

भीतीच्या प्रसंगाची आठवण तारखेवारीनं येत नाही, हे आपण सगळ्याजणी अनुभवानं जाणतो. एखादा वास, एखादी वस्तू, एखादा आवाज पुढे येतो आणि बाकीचं मागे राहतं. पण पोलीस ठाण्यात हेच 'विसंगत' ठरतं. कोर्टात उलटतपासणीला हेच हत्यार होतं. 1994 साली जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा बोलायला पुढे आलेल्या बायका फार थोड्या होत्या. गावात चर्चा मात्र एकच होती. "इतके दिवस का नाही बोलल्या?" आपण त्या प्रश्नाविरुद्ध मोर्चे काढले. पण टेबलाच्या अलीकडे बसल्यावर आपणही तोच प्रश्न सौम्य शब्दांत विचारतो, हे मला उशिरा कळलं.

पुढे भाचीनं आणखी एक अल्बम ऐकवला. अमेरिकेतल्या 'ड्रीम थिएटर' या बँडचा, 1999 सालचा. यात एका तरुणाला संमोहनाखाली 1928 साली खून झालेल्या एका बाईचं आयुष्य दिसू लागतं. वर्तमानपत्रात तिच्या मरणाची बातमी आलेली असते, प्रत्यक्ष साक्षीदाराच्या हवाल्यानं. शेवटी कळतं की तो साक्षीदारच खुनी होता. गोष्ट नीट, क्रमवार आणि सुसंगत होती, कारण ती त्यानं रचली होती! सुसंगतपणा म्हणजे सत्य नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मला कुठल्या शिबिरातही कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी या संगीताची भक्त झाले का? नाही. 'कोशिश'मध्ये आणि 'ड्रीम थिएटर'मध्ये सगळे पुरुषच आहेत. त्या खून झालेल्या बाईचं आयुष्यही एका पुरुषाच्या स्वप्नातूनच आपल्यापर्यंत येतं. हे मला खटकतं आणि भाचीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "मग बायकांनी करावं ना मावशी, कोणी अडवलंय?" अडवतात कोण आणि कसे यावर आमचं जळगाव येईपर्यंत भांडण झालं. पण आवाज ही पुरुषांची मालमत्ता आहे असं मानून मी माझे कान बंद केले होते, हे खरं. त्यात नुकसान माझंच होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. कायद्याला क्रम लागतो, हे मला मान्य आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली जो घटना अहवाल भरतात, त्यात तारीख, स्थळ, वेळ असे रकाने आहेतच. ते भरावे लागतील. पण ते काम दुसऱ्या बैठकीचं. पहिल्या बैठकीत बाई जसं सांगेल तसं, तिच्याच बोलीत, तिच्याच क्रमानं लिहून घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही, असं आम्ही आता ठरवलंय. जी गोष्ट ती दोनदा बोलेल, तिच्याखाली रेघ मारायची. तारखा नंतर तिच्याबरोबर बसून लावायच्या, तिला वाचून दाखवायच्या आणि दोन्ही कागद जपून ठेवायचे.

यात वेळ जातो. बाहेर बायका ताटकळतात. कार्यकर्त्या कमी आहेत, मानधन तुटपुंजं आहे. हे सगळे आक्षेप आमच्या बैठकीत आले आणि ते खोटे नाहीत. तरी मी म्हणेन की घाईनं लिहिलेल्या अर्जामुळे त्या बाईला मी ज्या घरात परत पाठवलं, तिथे तिनं दोन वर्षं काढली. तो वेळ कुणाच्या हिशेबात धरायचा?

तुमच्या केंद्रात पहिली जबानी कशी घेतात? लिहून कळवा. आणि एखादीनं दाराच्या कडीपासून सुरुवात केली, तर तिला कृपा करून थांबवू नका.