हप्ता जवळ आला की लिंक येते : शेतकऱ्याचा मोबाईल, मोफत ॲप्स आणि फसवणुकीचा हंगाम

आपण कीड-रोगांवर नेहमी बोलतो. आज जरा वेगळ्या किडीवर बोलू. गेली दोन-तीन वर्षे गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एक एपीके फाईल फिरते आहे. हप्ता जमा व्हायचे दिवस जवळ आले की ती जास्त फिरते. सोबत मजकूर असतो, 'आपली ई-केवायसी अपूर्ण आहे, हप्ता थांबेल, खालील ॲप लगेच डाउनलोड करा.' पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, चुलत भाऊ, सोसायटीचा सचिव, कधी कृषी सेवा केंद्राचा मालक. त्यामुळे संशयही येत नाही.

मागच्या खरिपात पेरणीच्या तोंडावर एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची बैठक होती. बैठक संपल्यावर एक शेतकरी बाजूला घेऊन बोलला. पीक कर्ज खात्यात जमा झाले, चौथ्या दिवशी बियाणे-खत उचलायला गेला तर खात्यात काहीशे रुपये उरलेले. ओटीपी कुणाला सांगितला नव्हता, कुणाचा फोनही आला नव्हता. फक्त पुतण्याच्या नंबरवरून आलेले 'ॲप' टाकले होते. पुतण्याला विचारले तर त्याने काही पाठवलेच नव्हते. त्याचाही फोन आधीच बाधित झाला होता आणि मेसेज आपोआप सगळ्या ग्रुपवर गेले होते.

हे चालते कसे?

ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकायची फाईल म्हणजे एपीके. प्ले स्टोअरवरून ॲप घेतो तेव्हा हीच फाईल आत येते, फक्त ती तपासलेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेली तपासलेली नसते. ती उघडली की फोन विचारतो, 'अनोळखी स्रोतावरून ॲप टाकायचे का?' आपण घाईत 'हो' म्हणतो. मग ॲप एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन बघायची परवानगी मागते. तीही देतो. इथेच खेळ संपतो. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो आणि तो ॲप परस्पर पुढे पाठवते. काही ॲप्स स्वतःचे चिन्ह लपवतात, म्हणजे स्क्रीनवर काहीच दिसत नाही. 'ओटीपी कुणाला सांगू नका' ही शिकवण इथे कामाची नाही, कारण तुम्ही तो सांगतच नाही.

म्हणून लक्षात ठेवायचा नियम एकच. सरकारी योजनेचे कोणतेही ॲप व्हॉट्सॲपवरून फाईल म्हणून येत नाही. पीएम किसानचे ॲप प्ले स्टोअरवर आहे आणि वेबसाइट 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' हे अक्षरांसह नीट वाचा. हे नाव फक्त सरकारी संस्थांनाच मिळते. मध्येच कुठेतरी 'जीओव्ही' लिहिलेले आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' असेल तर ती साइट सरकारची नाही. बँकांसाठीही आता 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळे नाव आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितले होते.

फोनच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' असा पर्याय असतो. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर यांच्यापुढचे बटण बंद करून ठेवा. दोन मिनिटांचे काम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर तर आजच करा.

दोष फक्त शेतकऱ्याच्या घाईचा नाही

पेपरात बातमी येते तेव्हा सूर असतो की शेतकरी भोळा, लिंकवर बोट ठेवले आणि फसला. मला हे अर्धवट वाटते. गेल्या पाच-सहा वर्षांत शेतीची सगळी कागदपत्रे मोबाईलवर आली. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, म्हणजे तलाठ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची. महाडीबीटीवर अर्ज, पीक विम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, वर नमो शेतकरी महासन्मान निधी. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा. प्रत्येक पायरीला मुदत, आणि मुदत चुकली तर लाभ थांबणार ही भीती. चोराला नवी भीती तयार करावी लागत नाही, आपल्याच यंत्रणेने तयार केलेली भीती तो वापरतो. खरा मेसेज आणि खोटा मेसेज यांची भाषा जवळजवळ सारखीच असते, 'तात्काळ', 'अन्यथा', 'वंचित राहाल'. कृषी खात्याने आणि महसूल खात्याने आपल्या संदेशांची ही भाषा बदलली आणि 'आम्ही लिंक पाठवणार नाही' असे एकदा ठरवून पाळले, तर निम्मा प्रश्न सुटेल असे माझे मत आहे.

दुसरी अडचण मोबाईल नंबरची. शेकडो शेतकऱ्यांच्या आधारला किंवा योजनेच्या नोंदणीला मुलाचा, शेजाऱ्याचा किंवा चक्क सेवा केंद्रचालकाचा नंबर जोडलेला मी पाहिला आहे. नोंदणीच्या गर्दीत त्या वेळी जो फोन हाताशी होता तो टाकला गेला. मग ओटीपी तिकडे जातो आणि तुमच्या नावावर काय अर्ज झाला हे तुम्हालाच कळत नाही. एक रुपयात पीक विमा होता त्या काळात दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवर बोगस अर्ज झाले, ते प्रकरण सर्वांना आठवत असेल. त्याची मुळे काही अंशी इथेही होती. आधारला कोणता नंबर आहे हे यूआयडीएआयच्या वेबसाइटवर मोफत तपासता येते. नंबर बदलायचा असेल तर तो आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो. हे काम हंगाम नसताना उरकून घ्या.

तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसते. हेही मोफत. आपण न घेतलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतो. फसवा फोन किंवा मेसेज आला तर त्याच पोर्टलवर 'चक्षू' नावाची तक्रारीची सोय आहे. पैसे गेले नसतील तेव्हा ती वापरायची. पैसे गेले असतील तर वेगळा मार्ग, तो पुढे सांगतो.

अंगठ्याचे कुलूप

आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडे पैसे काढता येतात. सोय मोठी आहे, तालुक्याला जायची खेप वाचते. पण काही राज्यांत दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून गैरवापर झाल्याची प्रकरणे उघड झाली. यावर यूआयडीएआयने मोफत उपाय दिलेला आहे. आधारच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करता येते. लॉक केल्यावर बोटाचा ठसा, डोळा आणि चेहरा यापैकी काहीच चालत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी. लॉक केलेले असताना रेशन दुकानात अंगठा लागणार नाही, पीएम किसानची चेहऱ्याने होणारी ई-केवायसीही होणार नाही. त्याआधी ते तात्पुरते उघडावे लागते आणि त्यासाठी ओटीपी येणारा फोन जवळ हवा. ज्या घरात महिन्याचे धान्य आजी आणते आणि फोन मुलाकडे पुण्यात आहे, तिथे सरसकट लॉक करा असे मी म्हणणार नाही. जो अंगठ्याने पैसे काढतच नाही, त्याने मात्र जरूर करावे.

सौर पंपाच्या नावाने

कुसुम योजनेच्या खोट्या वेबसाइट्सबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनेकदा इशारे दिले आहेत, तरी प्रकार थांबलेले नाहीत. कारण उघड आहे, योजनेत शेतकऱ्याला खरोखरच हिस्सा भरावा लागतो. महावितरणच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. त्यामुळे 'तुमचा पंप मंजूर, नोंदणी शुल्क भरा' असा फोन खरा वाटतो. पैसे भरायचे ते अधिकृत पोर्टलवर स्वतः लॉगिन करून. फोनवर आलेल्या क्यूआर कोडवर किंवा कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाहीत. आणि 'अनुदान जमा करायला पिन टाका' म्हटले की फोन ठेवून द्या. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला लागत नाही.

मग मोबाईल बाजूला ठेवायचा का?

मुळीच नाही. कामाच्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्या फुकट आहेत. हवामान विभागाचे 'मेघदूत' ॲप जिल्हा-तालुका पातळीवर पिकाचा सल्ला देते. फवारणीचा दिवस ठरवताना मी स्वतः ते बघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळ वीज पडण्याचा इशारा देते; मे-जूनमध्ये शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते असावे. बाजारभावासाठी पणन मंडळाची वेबसाइट आणि ॲगमार्कनेट. सातबारा 'भूलेख' साइटवर नुसता बघायला फुकट मिळतो. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर १५ रुपये. शोधताना वर जाहिरातीच्या साइट्स दिसतात, त्यांना फी द्यायची गरज नाही.

किडीचा फोटो काढून ओळख सांगणारी ॲप्सही आली आहेत. केंद्राची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, राज्याचे 'महाविस्तार' ॲप २०२५ मध्ये आले. ओळख पटवायला ही मदत चांगली. औषध आणि मात्रा ठरवताना मात्र थांबा, विशेषतः चॅटबॉटला विचारत असाल तर. तो अतिशय आत्मविश्वासाने त्या पिकावर लेबल क्लेमच नसलेले औषध सुचवतो. नाशिक-सांगलीच्या निर्यातदार द्राक्ष बागायतदाराला याचा अर्थ सांगायला नको. तिथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ॲनेक्शर ५ यादीच चालते, एका चुकीच्या फवारणीत कंटेनर अडकतो. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयातील संगणकांबद्दलही थोडे. बहुतेक ठिकाणी पायरेटेड सॉफ्टवेअर आणि त्याला लावलेली 'क्रॅक' फाईल दिसते. सभासदांचे आधार, बँक तपशील त्याच संगणकात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुने यंत्र असेल तर त्याचा विचार करा. हिशेबासाठी लिबर ऑफिस मोफत आहे आणि मराठीतही चालते. विंडोजमध्ये डिफेंडर हे अँटिव्हायरस आधीच असते, फक्त कुणीतरी बंद केलेले असते. संशयित फाईल 'व्हायरसटोटल' साइटवर टाकून तपासता येते. पण सभासदांची यादी किंवा सातबारा तिथे चढवू नका, कारण टाकलेली फाईल इतर तपासणाऱ्यांनाही उपलब्ध होते. खरेदी-विक्रीच्या नोंदींची एक प्रत आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवली तर संगणक बाधित झाल्यावर तीही जाते.

पैसे गेलेच तर

पहिला तास महत्त्वाचा. आधी फोनचे इंटरनेट बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवून खाते गोठवा. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यात असतानाच तक्रार पोहोचली तर ते तिथे अडवता येतात, एटीएममधून निघाल्यावर हाती काही लागत नाही. त्यामुळे 'आधी मुलाला विचारतो, उद्या बँकेत जातो' हे चालत नाही. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ एसएमएसवर असते, ती जवळ ठेवा. नंतर सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार करून पोच घ्या.

बँकेलाही लेखी कळवा आणि पोच मागा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसलेल्या व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. आपल्या हातून ओटीपी-पिन गेला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. एपीकेच्या प्रकरणात बँका 'चूक तुमचीच' असे तोंडी सांगून परत पाठवतात. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

फोन पुन्हा वापरण्याआधी ते ॲप काढा. चिन्ह दिसत नसेल तर सेटिंगमधील ॲप्सच्या यादीत शोधा, काढताच येत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा. कॉल फॉरवर्ड लावलेला असतो, तो दोनदा हॅश, शून्य शून्य दोन आणि पुन्हा हॅश असे डायल करून रद्द होतो. आणि ज्या ग्रुपवर तुमच्या नंबरवरून ती फाईल गेली, तिथे दुसऱ्या कुणाला तरी सांगून लगेच मेसेज टाका. लाज वाटते म्हणून बैठकीत भेटलेल्या त्या शेतकऱ्याने तो टाकला नव्हता, आणि त्याच ग्रुपमधल्या आणखी दोघांनी ती फाईल उघडली.