गाडीची बॅटरी : वेळेवर बदला, पण तपासल्याशिवाय बदलू नका

टायर झिजला की डोळ्यांना दिसतो. इंजिन ऑइल कमी झाले की पट्टी ओढून पाहता येते. बॅटरी मात्र बंद पेटीत असते, म्हणून बहुतेक घरांत तिची आठवण होते ती गाडी सेल्फ घेत नाही त्याच दिवशी. आणि तो दिवस नेमका मुलीच्या परीक्षेचा, बाहेरगावच्या निकाहला निघण्याचा किंवा अब्बांना दवाखान्यात न्यायचा असतो.

बॅटरी किती वर्षे चालते आणि ती बदलायची कधी, हे दोन प्रश्न गाडी असलेल्या प्रत्येक घराला कधी ना कधी पडतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे : आपल्या हवामानात साधारण तीन ते पाच वर्षे. दुसऱ्याचे उत्तर थोडे समजून घ्यावे लागते. ते समजले नाही तर एकतर रात्री-अपरात्री रस्त्यात अडकावे लागते, नाहीतर चांगली बॅटरी काढून चार-पाच हजार रुपये उगाच घालवावे लागतात.

आत काय चालते?

शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालणारी ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँटे यांनी १८५९ मध्ये बनवली. आपल्या गाडीतली बॅटरी मूळ तत्त्वाने आजही तीच आहे. पेटीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते.

वीज खर्च होताना आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि चार्ज होताना तो विरघळतो. बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली की हा थर कडक होतो, मग तो निघत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून बॅटरी वापराने जितकी खराब होते, त्याहून जास्त ती उपाशी राहिल्याने होते.

दुसरा शत्रू उष्णता. उन्हाळ्यात बॉनेटखाली भट्टी असते. उष्णतेने आतले पाणी कमी होते आणि पट्ट्या लवकर गंजतात. आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांना हा अनुभव आहे. तिथे दोन-अडीच वर्षांत बॅटरी बदलणे नवलाचे नाही. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभी राहणारी गाडी आणि सावलीत उभी राहणारी गाडी यांच्या बॅटरीच्या आयुष्यात फरक पडतोच. गंमत अशी की नुकसान उन्हाळा करतो, पण ते उघड होते डिसेंबरच्या थंड पहाटे. थंडीत इंजिन जड फिरते आणि बॅटरीची ताकदही कमी पडते.

उभी गाडी, उपाशी बॅटरी

कोकणातल्या कितीतरी घरांत गाडी अंगणात आहे आणि ती चालवणारा कुवेत-दुबईला. तो सुट्टीवर येतो आणि गाडी चालू होत नाही. घरच्यांना वाटते, "गाडी तर वापरलीच नाही, मग बॅटरी कशी गेली?" ती न वापरल्यानेच गेली.

चावी काढली तरी गाडीचे घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडी थोडी वीज घेत राहतात. हा खर्च ५० मिलिअँपिअरपर्यंत असला तर तो नेहमीचा मानतात. दिवसाला तो सव्वा अँपिअर-तास होतो. छोट्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दोन आठवड्यांत ती अर्धी आणि महिन्याभरात जवळपास रिकामी होऊ शकते. डिकीचा छोटा दिवा चालू राहिला तर त्याहून लवकर. हेडलाइट चालू राहिले तर तीन-चार तास पुरे.

यावर उपाय दोन. घरात कुणाला गाडी येत असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवावी. आवारातल्या आवारात सेल्फ मारून दोन मिनिटांत बंद करण्याने काही साधत नाही. बॅटरी त्यात भरत नाही. चालवणारे कुणीच नसेल तर बॅटरीची उणे बाजूची, म्हणजे काळी वायर सोडवून ठेवावी. वायर सोडवल्यावर रिमोटने दार उघडणार नाही, म्हणून चावी हातात ठेवूनच हे काम करावे. तरीही बॅटरी आपोआप हळूहळू उतरते, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी ती चार्ज करून घ्यावी.

गाडी रोज निघते, पण दूध आणायला, मशिदीपर्यंत, मुलांना शाळेत सोडायला, एवढीच, तर अशा गाडीचीही बॅटरी लवकर थकते. प्रत्येक वेळी सेल्फ लागतो, वर एसी, पंखा, दिवे चालू, आणि चार्ज व्हायला वेळ मात्र पाच मिनिटे. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी लांबचा फेरा हवा.

बॅटरी आधी सांगते

"काल चांगली होती, आज अचानक गेली," असे आपण म्हणतो. कधी कधी खरोखर तसे होते. आतली एखादी जोडणी तुटते. पण बहुतेक वेळा बॅटरी आठवडा-दोन आठवडे आधीपासून सांगत असते :

• सकाळचा पहिला सेल्फ रेंगाळत, जड आवाजात फिरतो.
• सेल्फ मारताना डॅशबोर्डचे दिवे एकदम मंद होतात किंवा घड्याळाची वेळ पुसली जाते.
• इंजिन बंद असताना हॉर्न बसका वाजतो.
• नुसती टक-टक होते, इंजिन फिरत नाही.
• बॅटरीची पेटी फुगलेली दिसते किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो. असे झाले तर गाडी चालवू नये, बॅटरी लगेच काढून घ्यावी.

एका घरात घडलेली गोष्ट सांगतो. सेल्फ आठवडाभर जड जात होता. "रविवारी दाखवू" म्हणून टाळले. शनिवारी रात्री दीड वाजता दादींना धाप लागली आणि गाडीने फक्त टक-टक केले. शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीतून नेले, दादी बऱ्याही झाल्या. पण त्या वाया गेलेल्या वीस मिनिटांची किंमत कोणती पावती सांगणार? बॅटरी साडेचार वर्षांची होती.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर मात्र घाबरू नका. दमट हवेत ती जमतेच आणि तिच्यामुळे चांगली बॅटरीही मेल्यासारखी वाटते. आधी उणे आणि मग अधिक टर्मिनल सोडवा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडे करा, व्हॅसलीनचे बोट फिरवा. लावताना आधी अधिक, शेवटी उणे. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पाना आणि धातू एकत्र टेकले तर मोठी ठिणगी पडते.

दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर

इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी तो सहज वापरू शकते. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले इथे हाताला लागते. तीन वेळा आकडा पाहायचा.

पहिला, सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळपास रिकामी आहे.

दुसरा, कुणीतरी सेल्फ मारत असताना. आकडा क्षणभर खाली येणारच. तो १० च्या वर राहिला तर ठीक. साडेनऊच्याही खाली आपटत असेल आणि बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तर तिचा दम संपला आहे.

तिसरा, इंजिन चालू असताना. साधारण १३.७ ते १४.७ दिसायला हवे. काही नव्या गाड्यांत हा आकडा गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, पण १२.५ वरच अडकून राहिला तर दोष बहुधा बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा, म्हणजे ती चार्ज करणाऱ्या यंत्राचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे.

हा तिसरा आकडा फार महत्त्वाचा आहे. अल्टरनेटर बिघडलेला असताना नवी बॅटरी टाकली तर तीही काही दिवसांत उतरते. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलणारी माणसे असतात, त्यांच्यापैकी अनेकांनी हा आकडा कधी पाहिलेला नसतो.

बॅटरीवर हिरवा-काळा दिसणारा छोटा डोळा असतो, त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. तो सहापैकी एकाच कप्प्याची हकीकत सांगतो.

मग कधी बदलावी?

तीन वर्षांच्या आतली बॅटरी उतरली तर आधी पूर्ण चार्ज करा आणि दुकानात लोड टेस्ट करून घ्या. दिवा चालू राहिला होता का, गाडी उभी होती का, हे आठवा. बहुतेकदा ती परत उभी राहते. वॉरंटीचे कार्डही काढा.

तीन ते चार वर्षांत, वर्षातून दोनदा तपासा : उन्हाळा लागण्यापूर्वी आणि पावसाळा लागण्यापूर्वी.

चार वर्षे उलटली आणि वरचे एखादे लक्षण दिसले, तपासणीतही कमजोर निघाली, तर वाट पाहू नका.

पाच वर्षे झाली आणि घरात वयस्क आई-वडील आहेत, बाळंतपण जवळ आले आहे किंवा एकटी मुलगी गाडी घेऊन दूर नोकरीला जाते, तर तक्रार नसली तरी बदललेली बरी. ज्या घरात दुसरी गाडी आहे आणि खाली रिक्षा मिळते, ते घर आणखी थांबू शकते.

नवी घेताना

तीन गोष्टी पाहा. एक, बॅटरीवरची बनवल्याची तारीख. प्रत्येक कंपनी ती आपल्या खुणेने छापते. दुकानदाराकडून ती वाचून घ्या. सहा महिने दुकानात पडून असलेली बॅटरी घेऊ नका, तीन महिन्यांच्या आतली उत्तम. दोन, वॉरंटी. '२४ अधिक २४ महिने' याचा अर्थ चार वर्षे फुकट असा नाही. पहिले २४ महिने मोफत बदलून मिळते, पुढच्या २४ महिन्यांत फक्त किमतीत सूट मिळते. तीन, प्रकार. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची महाग बॅटरी लागते. तिच्या जागी साधी टाकली तर ती लवकर जाते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिली आहे तीच घ्या.

कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि मार्करने बॅटरीवरच महिना-वर्ष लिहून ठेवा. कार्ड हरवते, बॅटरी हरवत नाही.

अडकलात तर

दुसऱ्या गाडीवरून जम्पर लावताना क्रम पाळा : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ ठिणगी नको, आगकाडी आणि सिगारेट तर मुळीच नको. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा. गिअरची गाडी धक्का मारून चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही.

जुनी बॅटरी घरात ठेवू नका

जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसेच असते. म्हणूनच दुकानदार ती घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो. आपल्या देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तिथे ती उघड्यावर फोडली जाते, आम्ल गटारात जाते आणि शिशाची धूळ आजूबाजूच्या मुलांच्या पोटात. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती इजा भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतके शिसे आहे, आणि बॅटऱ्यांची अशी उघड्यावरची तोडफोड हे त्याचे एक मोठे कारण आहे. ती मुले बहुतेकदा गरीब वस्तीतली असतात.

या रविवारी बॉनेट उघडा, बॅटरीची तारीख शोधा आणि मुलांना समोर उभे करून तीनही आकडे वहीत लिहायला लावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, टायरविषयी.