सुई टोचली, नोंद कुठाय?

सदर : दवाखान्याची पायरी

स्टिरॉइडच्या बाबतीत आमच्या वाळूजच्या बजाजनगरात दोनच पक्ष आहेत. पहिल्याला नाव ऐकूनच घाम फुटतो. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला, हे त्याने जवळून पाहिलेलं असतं. दुसरा पक्ष दवाखान्यात शिरताच म्हणतो, ‘डॉक्टर, ते कडक इंजेक्शन मारा, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.’ दोघांचं एका बाबतीत मात्र जमतं. आपल्या अंगात कुठलं स्टिरॉइड, किती आणि कधी गेलं, हे दोघांनाही सांगता येत नाही.

हे आज काढायचं कारण म्हणजे श्वासनळी अरुंद होण्याचा आजार. जून २०२०च्या अखेरीस बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्यातले १४० कामगार कोरोनाबाधित असल्याचं आणि दोघांचा मृत्यू झाल्याचं कंपनीने सांगितलं, तेव्हा ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द इथल्या घराघरांत पोचला. व्हेंटिलेटरसाठी घशातून नळी घालतात. ती बरेच दिवस राहिली की तिच्या दाबाने श्वासनळीच्या आतल्या अस्तराला जखम होऊ शकते. जखम भरते, पण भरताना तिथे घट्ट व्रण धरतो. मग घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागते. क्षयानेही श्वासनळी अशी आवळते. काही बायकांना, विशेषतः मध्यम वयात, कसलंही कारण न सापडता हा त्रास होतो. स्वरतंतूंच्या लगेच खाली श्वासमार्गाभोवती कूर्चेचं पूर्ण कडं असतं. तिथली सूज बाहेर सरकू शकत नाही, ती आतली वाटच खाते.

बहुतेकांवर आधी दम्याचाच शिक्का बसतो. दम्याची शिट्टी सहसा श्वास सोडताना वाजते. इथे घशातून घरघर येते आणि ती श्वास आत घेताना जास्त ऐकू येते. पंप मारून फरक पडत नाही. मग पंप वाढतो, गोळ्या वाढतात, मधूनमधून डेक्साचं, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं, इंजेक्शनही होतं. दुर्बीण घालून घसा पाहायचं सुचेपर्यंत बराच काळ जातो.

निदान झालं की फुग्याने किंवा लेझरने वाट मोठी करतात. पण व्रण हट्टी असतो, पुन्हा आवळतो. तो मऊ पडावा म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर थेट व्रणातच ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचतात. काही आठवड्यांच्या अंतराने अशी अनेक इंजेक्शनं लागतात. काही ठिकाणी घसा बधिर करून, रुग्णाला खुर्चीत बसवूनच हे होतं. श्वासनळीचा अरुंद तुकडा कापून टोकं जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया काहींच्या बाबतीत यामुळे टळते किंवा पुढे ढकलता येते. त्यामुळे ‘स्टिरॉइड नको’ म्हणून या उपचाराकडे पाठ फिरवणं शहाणपणाचं नाही.

दुष्परिणाम आहेत, आणि ते आधीच माहीत असावेत. एक-दोन दिवस खोकला, थुंकीत रक्ताची रेघ, आवाज बसणं हे सहसा आपोआप निवळतं. चेहरा लाल होतो, झोप उडते, चिडचिड होते. बायकांची पाळी पुढेमागे होते, मध्येच डाग दिसतात. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढलेली राहते, आणि ती जेवणानंतर जास्त चढते. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासून ‘नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्याची फसगत होते. लपलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

सगळ्यात कमी बोललं जातं ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीबद्दल. ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. शरीर स्वतः रोज जेवढं स्टिरॉइड बनवतं, त्याच्या जवळपास दहापट. ते व्रणातून हळूहळू रक्तात उतरत राहतं. असे डोस वरचेवर झाले की ग्रंथी आपलं काम थांबवते. पुढे ताप आला किंवा ऑपरेशन करावं लागलं, तर रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

आता रुग्णाची कॅरीबॅग टेबलावर उलटी करा. दम्याचा पंप, गुडघ्यात टोचलेल्या सुईचं बिल, सांधेदुखीची बिननावाची पुडी, नायट्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेल्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल. यातली शेवटची वस्तू कुणाच्या गणतीत नसते, पण यकृत ट्रायमसिनोलोनचा निचरा करतं ते काम ती अडवते. घशात टोचलेला तोच डोस मग अंगात कितीतरी जास्त काळ रेंगाळतो. तोंड चंद्रासारखं सुजतं, साखर भडकते, ग्रंथी झोपते. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरनेही हेच होतं. घशाच्या डॉक्टरांचा डोस बरोबर असतो. पिशवीत आणखी काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वाळूजच्या शॉपवर जॉब कार्डाशिवाय साधा पार्ट पुढच्या मशीनवर जात नाही. तो बनवणाऱ्या माणसाच्या अंगात मात्र स्टिरॉइड कागदाविना जातं. डेक्सामेथासोन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, असा कायदा आहे. पण दवाखान्यातच भरलेल्या सिरिंजची चिठ्ठी कोण मागतो? शंभर-दीडशे रुपये देऊन आपण मुकाट बाहेर पडतो.

माझी मागणी साधी आहे. बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगाव, पंढरपूर या वाळूज परिसरातल्या प्रत्येक दवाखान्याने स्टिरॉइड दिलं की औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि तारीख एवढी एक ओळ लिहून द्यावी. डॉक्टर विसरले तर रुग्णाने मागावी, आणि मागताना संकोच करू नये. घशात इंजेक्शन घ्यायला जाताना गेल्या वर्षभरातल्या अशा सगळ्या ओळी, साखरेची नोंद आणि सुरू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी सोबत न्यावी. चालू स्टिरॉइड घाबरून एकदम बंद करू नये. आणि बसल्या जागी श्वास घेताना घरघर ऐकू येत असेल, तर गल्लीतल्या सुईची वाट न पाहता थेट घाटी रुग्णालय गाठावं. तिथल्या डॉक्टरांनी ‘आधी काय काय घेतलंय?’ विचारल्यावर ‘काहीतरी कडक दिलं होतं’ हे उत्तर त्यांच्या काही कामाचं नसतं.