पाणी कमी पिऊ नका, स्वच्छतागृह मागा

मार्च उजाडला की दवाखान्यात एक तक्रार वाढू लागते. लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप. रुग्ण बहुधा नोकरी करणारी स्त्री असते. "दिवसभरात पाणी किती पिता?" या प्रश्नाचे उत्तरही ठरलेले असते. "सुट्टीच्या दिवशी भरपूर पिते हो डॉक्टर. पण कामाच्या दिवशी सकाळचा चहा, मग डबा खाताना काय ते. दीड तास जायचं, दीड तास यायचं. मध्ये लागली तर जाणार कुठे?"

या 'जाणार कुठे'वर माझ्याकडे गोळी नाही. जंतूंवर आहे. ती मी लिहून देतो, चार-पाच दिवसांत जळजळ थांबते आणि दोन महिन्यांनी तीच रुग्ण तीच तक्रार घेऊन येते. येणारच. तिच्या आजाराचे मूळ प्लॅटफॉर्मच्या टोकाला असलेल्या, नाकाला रुमाल लावून ओलांडाव्या लागणाऱ्या त्या खोलीत आहे, आणि तिथे माझी चिठ्ठी चालत नाही.

म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांबद्दल लिहितो आहे. ती प्रवाशांची 'सोय' आहे असे आपण समजतो. सोय असली तर बरे, नसली तरी चालते. स्वच्छतागृहाचे तसे नाही. ते न चालणारे आहे, आणि ते का, हे शरीराच्या भाषेत समजून घेऊ.

मूत्राशयाचे वेळापत्रक

मुंबईच्या लोकलमधून रोज ७० लाखांच्या आसपास प्रवासी जातात-येतात. लांब पल्ल्याच्या गाडीत डब्यातच शौचालय असते. लोकलमध्ये ते नसते. कसारा किंवा कर्जतहून सीएसएमटीला यायला दोन तास किंवा त्याहून जास्त लागतात, डहाणूहून चर्चगेट त्याहून दूर. त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळवा. या सगळ्या वेळात लघवीला जाण्याची जागा एकच, ती म्हणजे स्टेशन.

आता शरीराचा हिशेब पाहा. पुरेसे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर लघवी होते. मूत्राशयात १५० ते २५० मिलीलिटर साठली की पहिली जाणीव होते, ४०० ते ५०० मिलीलिटरला घाई होते. म्हणजे तीन-चार तासांनी जावे लागणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. जागाच नसेल तर माणसाकडे दोन मार्ग उरतात: पाणी कमी पिणे, नाहीतर लघवी धरून ठेवणे. आपल्या लेडीज डब्यातल्या असंख्य बायका दोन्ही करतात, तेही वर्षानुवर्षे.

'सीटमुळे इन्फेक्शन झालं'

हे वाक्य मी रोज ऐकतो. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. लघवीच्या साध्या संसर्गात बहुतांश वेळा सापडणारा जंतू म्हणजे ई. कोलाय, आणि तो आपल्याच आतड्यातला असतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गात शिरतो. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब, स्त्रीचा जेमतेम ४. म्हणून स्त्रियांना हा त्रास जास्त.

निसर्गाने यावर साधा उपाय ठेवला आहे. लघवीची धार वर चढू पाहणाऱ्या जंतूंना धुऊन काढते. पाणी कमी प्यायले की धार कमी वेळा येते, धरून ठेवले की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात त्या गटात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. कोणत्याही औषधाशिवाय हा त्रास जवळपास निम्म्यावर आला.

हा सल्ला मी रोज देतो. पण स्टेशनवर जायला जागा नसेल तर तो पाळायचा कसा? 'भरपूर पाणी प्या' हे डॉक्टरने म्हणायचे आणि 'मग जाऊ नका' हे स्टेशनने म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

ज्या धीर करून आत जातात, त्यातल्या अनेकजणी घाणेरड्या कमोडवर न टेकता अधांतरी, गुडघे वाकवून लघवी करतात. अशा अवघडलेल्या स्थितीत ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडत नाहीत, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. मागे उरलेली लघवी पुन्हा जंतूंच्या पथ्यावर पडते.

थोडक्यात, गलिच्छ स्वच्छतागृह आत गेलेल्यापेक्षा दारातून परत फिरलेल्याला जास्त आजारी पाडते. आणि परत फिरलेल्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. 'महिला वापरतच नाहीत' असे म्हणून मग त्या दाराला कुलूप लागते.

आत जाणाऱ्याला धोका असतो तो हातांमुळे. जुलाब, आमांश, टायफॉइड, हिपॅटायटिस ए हे आजार विष्ठेतून हाताला आणि हातातून वडापावला लागतात. साबणाने हात धुतल्याने जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पण नळाला पाणी असेल आणि साबण असेल, तर!

फक्त बायकांचा प्रश्न?

हृदय कमकुवत असलेल्या रुग्णांना आम्ही लघवीची गोळी देतो, अंगावरची सूज आणि छातीतले पाणी कमी व्हावे म्हणून. प्रवासाच्या दिवशी ही गोळी हमखास चुकवली जाते. "स्टेशनवर पंचाईत होते हो." दोन-चार वेळा चुकली की धाप लागते आणि रुग्ण थेट अॅडमिट होतो.

प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी फार वेळ लघवी धरून ठेवली तर ती अचानक पूर्ण अडकू शकते, मग नळी घालावी लागते. मधुमेहींना साखर वाढली की वारंवार जावे लागते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यांना पाणी आणि स्वच्छता दोन्ही हवे. गरोदरपणात मूत्रसंसर्ग किडनीपर्यंत चढण्याची आणि बाळंतपण वेळेआधी होण्याची भीती असते. पाळीच्या दिवसांत चार ते सहा तासांनी पॅड बदलायला कडी लागणारे दार हवे. कमी पाण्याने मुतखडे होतात. लहान मुलांना तर 'थांब' म्हणून भागत नाही.

ही यादी वाचून सांगा, तुमच्या घरातले कोण यातून सुटले?

'लोकांनाच शिस्त नाही'

विषय काढला की हे उत्तर तयार असते. मला ते मान्य नाही. सकाळी लोकलच्या स्टेशनवर नाक दाबणारा माणूस संध्याकाळी मेट्रोच्या किंवा मॉलच्या स्वच्छतागृहात जातो आणि नीट वागतो. दोन तासांत त्याचे संस्कार बदलत नाहीत, जागा बदलते. जमीन कोरडी, फ्लश चालू आणि झाडू घेतलेला माणूस समोर असेल तर बहुतेक लोक नीट वापरतात. आत घोटाभर पाणी तुंबलेले असेल तर शिस्तीचा माणूसही लांबूनच कार्यभाग उरकतो, आणि पुढच्यासाठी घाण वाढवतो.

आता गणित करा. गर्दीच्या स्टेशनवर एका शौचकूपाचा वापर दर तीन मिनिटांना एक धरला, तर तासाला २० जण होतात. सफाई आठ तासांनी झाली तर मध्ये १६० जण. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण २४ वेळा वापर होतो. म्हणजे १६० वापर व्हायला जवळजवळ आठवडा लागतो. तुमच्या घरचे शौचालय आठवडाभर न धुता ठेवा आणि मग घरच्यांच्या शिस्तीवर बोला.

रेल्वेच्या हद्दीत घाण केल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड करण्याचे नियम २०१२ सालचे आहेत. दंडाला माझी हरकत नाही. पण उघड्यावर उभे राहणाऱ्याला दंड करायचा, तर आधी त्याला जाण्यासारखी जागा दाखवा.

फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे

मुतारीचा तो डोळ्यांत जाणारा वास अमोनियाचा असतो. लघवीतल्या युरियाचे जंतू विघटन करतात, त्यातून तो तयार होतो. लघवीतल्या क्षारांचा पिवळट थर फरशीच्या सांध्यांत बसतो आणि वासाचे कोठार बनतो. त्यावर फिनेल ओतले की दोन वास एकत्र येतात, थर तिथेच राहतो.

योग्य क्रम साधा आहे. आधी साबणाचे पाणी आणि ब्रश, मग जंतुनाशक, ते सुमारे दहा मिनिटे राहू देणे, मग धुणे आणि शेवटी वायपरने कोरडे करणे. क्षारांच्या थरासाठी आम्लयुक्त क्लीनर अधूनमधून, वेगळ्या वेळी. अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे घरीही लक्षात ठेवा.

हे सगळे जो करतो त्याच्याकडे हातमोजे, गमबूट, मास्क असायला हवेत. त्याला धनुर्वात आणि हिपॅटायटिसची लस मिळायला हवी आणि पगार वेळेवर मिळायला हवा. एका माणसाच्या हाती झाडू आणि बादली देऊन अख्खे स्टेशन त्याच्यावर सोडायचे आणि घाणीबद्दल त्यालाच बोल लावायचा, हा अन्याय आहे.

'पैसे कुठून आणणार?'

पैसे आजही जातातच, फक्त रुग्णाच्या खिशातून. तपासणी, औषध, बुडालेली रजा. शिवाय पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेतल्याने जंतू निगरगट्ट होतात. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये निम्म्या औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहिलेले पाहायची आम्हाला आता सवय झाली आहे.

पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या भेदाविरुद्ध मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली. २०१५ साली 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे उभारणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरवले. तो आदेश महापालिकांना होता. पण रस्त्यावरून स्टेशनचा जिना चढल्यावर मूत्राशय काही बदलत नाही. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलने २०१९ साली आपल्या ताब्यातल्या मोठ्या स्टेशनांवरचे स्वच्छतागृहाचे शुल्क बंद केले. ठरवले तर होते.

मागायचे काय?

'स्वच्छता ठेवा' ही मागणी मोघम आहे. मोजता येईल असे मागा:

• पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत प्रत्येक पाळीत एक सफाई कर्मचारी, स्त्रियांच्या बाजूला स्त्री कर्मचारी.
• नळाला पाणी, साबण, कोरडी जमीन.
• आतून लागणारी कडी, दिवा, पर्स अडकवायला हुक, पॅडसाठी झाकणाची बादली.
• स्त्रियांना वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांच्यासाठी शौचकूप जास्त. लघवीसाठी कुणालाही शुल्क नाही.
• दाराला कुलूप नाही. किल्ली मागत फिरणे ही थट्टा आहे.
• आणि स्टेशनवरच्या साहेबांसाठी वेगळे स्वच्छतागृह बंद. प्रवाशांचेच त्यांनी वापरावे. महिन्याभरात फरक दिसेल.

घाण दिसली तर फोटो काढून रेल मदद अॅपवर टाका किंवा १३९ वर तक्रार करा. एका तक्रारीने काही होत नाही, हे खरे. म्हणून डब्यातल्या ग्रुपने मिळून, रोज करा.

तोवर स्वतःसाठी एवढे करा. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी प्या. घरून आणि ऑफिसातून निघण्यापूर्वी जाऊन या. पर्समध्ये कागदी साबण ठेवा. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर नीट उकिडवे बसा, कमोड असेल तर पुसून, कागद ठेवून टेका. धुताना पुढून मागे धुवा. लघवीची गोळी चुकवू नका, तिची वेळ बदलता येते का हे डॉक्टरांना विचारा. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणे, लघवीत रक्त किंवा लघवी अडकणे यांपैकी काही झाले, किंवा गरोदरपणात साधी जळजळ जरी झाली, तरी मेडिकलमधून परस्पर गोळ्या न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलीला, सुनेला, बायकोला 'बाहेर जाताना पाणी कमी पी' असे सांगणे आजपासून बंद करा. तो सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण आपल्या हक्काच्या जागेवरचा दावा आपणच त्यात सोडून देतो.