बशीएवढा आरसा

एप्रिलची अमावास्या, वांगणीचं माळरान आणि सहा इंची दुर्बिणीला जोडलेला जुना कॅमेरा. सप्तर्षींच्या शेपटीतला मरीची सापडला की तिथून साडेतीनेक अंशांवर एम ५१, भोवऱ्यासारखी सर्पिल दीर्घिका. डोळा लावला तर दिसतं काय? काचेवर बोट पुसल्यासारखे दोन धुरकट डाग. लॉर्ड रॉसने १८४५ साली आयर्लंडमध्ये तिचे बाहू पाहिले, कागदावर रेखाटले. पण त्याचा आरसा ७२ इंची. आमचा बशीएवढा, म्हणून कॅमेऱ्याने थेंबाथेंबाने उजेड साठवायचा. ध्रुवाकडे रोखलेला माउंट पृथ्वीच्या उलट फिरत राहतो आणि एकेका मिनिटाचे १२० फोटो निघतात. परवा त्यातले सात एका मोटारीच्या दिव्यांनी खाल्ले. चालकाने वर खिडकीतून विचारलं, ‘काय, यूएफओ का?’ घरी फोटो एकावर एक रचले. शंभर फोटोंची सरासरी काढली की रवाळपणा दहापट घटतो, दीर्घिका मात्र जागची हलत नाही. पहाटे चहा गार झाला तेव्हा स्क्रीनवर एक बाहू उलगडत शेजारच्या छोट्या दीर्घिकेपर्यंत पोचला होता. बायकोला उठवून दाखवला. म्हणाली, ‘जिलबी.’